पानाखालचा शब्द

माणिक शिंपल्यात सापडतं, असं पाहुण्यांनी त्या अरबी ग्रंथातून मराठी करून वाचून दाखवलं आणि सगळे हसले. मीही हसलो. साहेब हसले की आपण हसायचं, ही नोकरीतली जुनी सवय आहे, तिला विचार लागत नाही. पाहुणे पुण्याचे प्रोफेसर, अरबी-फारसीचे जाणकार, संग्रहालयातल्या हस्तलिखितांची यादी करायला दोन दिवसांसाठी नगरला आलेले. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "मोती कुठं सापडतो हे विचारू नका, तो बहुतेक डोंगरात निघेल. कुणा अडाणी बाइंडरनं चार-पाच पोथ्यांची फाटकी पानं एकत्र शिवून टाकलीत." माझं हसू तोंडावरच राहिलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभा होतो, तांब्या खाली ठेवायचंही सुचलं नाही. त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो अडाणी बाइंडर मीच होतो.

आमचे व्यवस्थापक राधाकृष्णसाहेब चौसष्ट साली आले. मी त्यांच्याही आधीचा, अठ्ठावन्न सालापासूनचा शिपाई, फाटकी पुस्तकं बांधायचं कामही माझ्याकडेच. पाहुण्यांनी समजावून सांगितलं, आणि समजावताना ते वाईट वागले असं मी म्हणणार नाही. ग्रंथ रत्नांवरचा आहे, कुठली खाण, कुठला रंग, खरं-खोटं कसं पारखायचं, कुठल्या दुखण्यावर कुठला खडा, असं सगळं त्यात आहे, अक्षरही देखणं आहे, पण वाक्यं दर दहा पानांनी तुटतात. अरबी ग्रंथ उजवीकडून उघडतो. तसा तो उघडला तर दहाव्या पानावर 'ग्रंथ समाप्त' लिहिलंय, आणि शेवटाकडून दहाव्या पानावर सोनेरी वेलबुट्टीत देवाचं नाव घेऊन ग्रंथ सुरू होतोय. "म्हणजे डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं," असं म्हणून त्यांनी नोंदीत पेन्सिलीनं लिहिलं: विस्कळीत, निरुपयोगी. उद्या दुपारी यादी पक्की होणार होती. यादीत आलेले ग्रंथ काचेच्या कपाटात जाणार, उरलेले मागच्या खोलीत. मागच्या खोलीत काय होतं ते पाहुण्यांना माहीत नव्हतं, मला होतं. तिथं वाळवी आहे. त्या खोलीत मी दर पावसाळ्यात कागदांचा भुगा सुपानं भरून बाहेर काढतो.

भिंगारला घरी निघालो तेव्हा ऊन अजून खाली यायचं नाव घेत नव्हतं. त्र्याहत्तर सालचा मार्च होता, सलग दुसरं-तिसरं कोरडं वर्ष, आणि किल्ल्याच्या खंदकाकडेनं सायकल मारताना खंदकातल्या वाळल्या गवताचा वास घशात बसत होता. अडाणी. तो शब्द खरा होता म्हणून जास्त लागला. मी सातवीपर्यंत शिकलो, अरबीचं एक अक्षर मला येत नाही. पण माझ्या हातची शिवण पंधरा वर्षांत एकदाही सुटलेली नाही, आणि गडी माणसाला कुठंतरी एक जागा लागते जिथं तो मान वर करून उभा राहू शकतो. माझी जागा ती शिवण होती. हातांवर माझा फार विश्वास. हात चुकले असतील हे मनाला पटेना, आणि पाहुणे खोटं बोलत होते असंही म्हणता येईना, कारण माणिक शिंपल्यात नसतं हे मलासुद्धा कळतं. भिंगारच्या बाजारात हकीमसाहेबांच्या बंद दुकानापाशी आलो आणि का कोण जाणे, खाली उतरून सायकल हातात धरून चालू लागलो. ज्याच्याकडून काही उसनं आणून मोडलंय त्याच्या दारावरून चालतात तसा.

ग्रंथ त्या दुकानातलाच. हकीमसाहेब वारल्यावर त्यांची मुलगी जैतूनबी तो संग्रहालयात घेऊन आली होती, उशीच्या अभ्र्यात घालून. चाळिशीची बाई, नाकात चांदीची बारीक मुरणी, बोलणं हळू. म्हणाली, बापानं हे पुस्तक जन्मभर वाचलं. छावणीतल्या साहेबांच्या मडमा अंगठ्या घेऊन यायच्या, बाप पुस्तक उघडायचा, खडा जिभेला लावायचा आणि सांगायचा, काच आहे. आता घरात वाचणारी ती एकटी, आणि वाळवीनं पुठ्ठा खाल्ला. मी नवा नवा नोकरीला लागलेलो, हौस दांडगी. तिनं अभ्र्यातून एकेक जुज काढून टेबलावर मांडलं. जुज म्हणजे पाच ताव मधे दुमडून एकात एक घातलेले, दहा पानांचा एक गठ्ठा, असे तेरा. बाहेरची पानं झिजून खालच्या कडेला विरलेली. तिनं त्या कडेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "भाई, पानाच्या खाली कोपऱ्यात हा एकला शब्द हाय ना, याला जपा. हा गेला तर पुढचं पान हरवतं." मी म्हणालो, जपतो. आणि जपलाच. जिथं जिथं कड विरली होती तिथं त्या शब्दावरून जाड कागदाची पट्टी खळीनं चिकटवून टाकली, त्याला वारासुद्धा लागू नये म्हणून.

जुजं शिवायला घेतली तेव्हाचं मला सगळं आठवतं, अगदी त्या दिवशीचा खळीचा आंबूस वाससुद्धा. माळीवाड्यात कानिफनाथ वस्तादांच्या हाताखाली मी चार वर्षं काढली. ते वह्या, चोपड्या, शाळेची पुस्तकं बांधायचे आणि एकच गोष्ट शिकवायचे, तीही पाठीत बुक्की घालून: शिवण डाव्या हाताला. पुठ्ठा कुठला घालायचा, दोरा कितीपदरी घ्यायचा, यात चूक झाली तर ते हसायचे, पण शिवण उजवीकडे गेली की बुक्की. माझ्या हातात ते इतकं बसलं की घरी माझी बायको लंका भाकरी थापून चवडीला लावते तीही मी मोकळ्या हातानं डावीकडून सारखी करतो. हकीमसाहेबांची जुजं शिवण उजवीकडे ठेवून रचलेली होती. मला वाटलं, बाईमाणूस, रचताना उलटी पडली असतील. मी एकेक जुज उचललं, पालथं केलं, शिवण डाव्या हाताला आणली आणि शिवत गेलो. क्रम मात्र तिळभर हलू दिला नाही. पहिलं ते पहिलं, तेरावं ते तेरावं. वर निळ्या कापडाचा पुठ्ठा चढवला, आत कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं गोरक्षमधलं 'गो.' असं बारीक लिहिलं, आणि दोन दिवस माझ्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं.

साठ साली जैतूनबी बघायला आली. तिनं ग्रंथ हातात घेतला, उजवीकडून उघडला, थोडी पानं चाळली, मग डावीकडच्या टोकाला गेली, आणि मिटून ठेवला. पुठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला. म्हणाली, "बांधणी मजबूत हाय, भाई." मी तेरा वर्षं ते वाक्य जपून ठेवलंय. कुणी टाकून बोललं, बढती हुकली, लंकाशी भांडण झालं, की मी ते मनातल्या मनात काढायचो. आज दुकानापुढून चालताना ते पुन्हा काढलं आणि पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आलं, की ती बांधणीबद्दल बोलली होती, पुस्तकाबद्दल नाही. दुकान बंद, पण वरच्या माडीवर ती राहते. खिडकीत तिची ओढणी वाळत होती. मी मान खाली घालून पुढं गेलो.

घरी लंका नुकतीच कामावरून आली होती. त्या वर्षी गावाकडची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, आमच्याकडे पाथर्डीहून माझा भाऊ त्याच्या कुटुंबासकट आलेला, खाणारी तोंडं वाढली म्हणून लंकाही भिंगारच्या पुढं रस्त्याच्या कामावर जाऊ लागली होती. दारात बसून ती बोटांना चिंध्या गुंडाळत होती. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "काय झालं? सायबानं हाकलला का काय?" मी सांगितलं. कुणाला सांगणार होतो? तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या कामाचंच बोलू लागली, तिची ती रीतच आहे. "आज लई दमवलं एका धोंड्यानं. काळा, घमेल्याएवढा. वरनं घाव घालती, घाव घालती, नुसता भुगा उडतोय. शेजारची भागूबाई म्हनली, ए बये, त्यो पालथा घाल की. पालथा घातला तर खालनं सरळ नस गेल्याली. दोन घावात चार तुकडं." मग चिंधीची गाठ दातानं आवळत म्हणाली, "धोंडा वाईट नव्हता. मीच त्याला चुकीच्या अंगानं धरला हुता."

मी भिंतीला टेकून बसलो होतो. तिचं बोलणं पुढं कुठंतरी चालू राहिलं, पाण्याच्या टँकरबद्दल, मुकादमाबद्दल, आणि माझे हात मांडीवर आपोआप हलू लागले. एक जुज उचललं, पालथं केलं, ठेवलं. दुसरं उचललं, पालथं केलं, ठेवलं. हातांना सगळं आठवत होतं, डोक्याला नव्हतं. एक जुज पालथं केलं तर ते आतून काही बिघडत नाही, उजवीकडून वाचणाऱ्याला ते सरळच भेटतं. पण तेरा जुजं एकेक करून पालथी केली आणि क्रम तोच ठेवला, तर रांग उलटी होते. उजवीकडून उघडणाऱ्याला आधी तेरावं भेटणार, मग बारावं, आणि सगळ्यात शेवटी पहिलं. तेराव्याच्या दहाव्या पानावर ग्रंथ संपणार. शेवटाकडून दहाव्या पानावर ग्रंथ सुरू होणार. चार-पाच पोथ्या नव्हत्याच. एकच ग्रंथ होता, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत आख्खा, आणि पंधरा वर्षं तो माझ्या मजबूत शिवणीत उलटा अडकून पडला होता. मला रडू यायला हवं होतं. मी हसायला लागलो. लंका म्हणाली, "ह्येला काय झालं आता?" मी उठून तिचे चिंध्या बांधलेले दोन्ही हात हातात धरले, भाऊ समोर बसलेला असताना, आणि ती इतकी लाजली की पुढचं बोलणंच विसरली.

सकाळी सातला मी संग्रहालयाचं कुलूप काढलं. वाटतं म्हणून चालणार नव्हतं, दिसायला हवं होतं. ग्रंथ खिडकीशी नेला. अक्षर येत नाही, पण आकार तर दिसतो. जुजाच्या आतल्या पानांवर बघत गेलो: डाव्या कोपऱ्यात तिरका एक शब्द, आणि पान उलटलं की पुढच्या पानाच्या डोक्यावर तोच. एक वळण, दोन टिंबं, एक लांब शेपटी. पुन्हा खाली एक, पुन्हा वर तोच. हे पान त्या पानाला हाक मारतं आणि ते ओ देतं, इतकं ते साधं होतं. फक्त जुजाच्या शेवटच्या पानावर, जिथं या शब्दाची खरी गरज होती, तिथं माझी जाड पट्टी होती. जैतूनबी म्हणाली होती जपा, आणि मी झाकून टाकला होता. म्हणून पाहुण्यांना जोड दिसला नाही. कुणालाच दिसला नसता.

पट्टी खळीची, खळ पाण्यानं सुटते. पण शाई काजळीची, तीही पाण्यानं सुटते. माठात प्यायचं पाणी तांब्याभरच उरलं होतं, टँकर दुपारी येणार होता. मी वाटीभर घेतलं, चिंधी बुडवून कोरडी वाटेल इतकी पिळली आणि पहिल्या जुजाच्या शेवटच्या पानावरच्या पट्टीवर ठेवली. किती वेळ धरली सांगता येणार नाही. बाहेर चिमण्या ओरडत होत्या, आणि मनात एकच विचार, की एवढा शब्द पुसला गेला तर अडाणी हा शब्द मी मरेपर्यंत पुसला जाणार नाही. कागदाची घडी दाबायची माझी हाडाची पट्टी, तिचं टोक खाली सारलं. कागद हलला. सोलत गेलो, जखमेवरची पट्टी सोडवतात तसा. खाली शब्द होता. काळा, कोरडा, सगळ्या टिंबांसकट. मी दुसऱ्या जुजाचं पहिलं पान उघडलं. डोक्यावर तोच शब्द. मी तिथंच जमिनीवर बसलो. आयुष्यात मला देवळात जे कधी मिळालं नाही ते त्या क्षणी मिळालं असं म्हटलं तर माझा माळकरी भाऊ मारील, पण तसंच होतं.

दहाला साहेब आणि पाहुणे आले. आता बोलायचं होतं, आणि बोलायचं म्हणजे अडाणी कोण ते सांगायचं. गप्प राहिलो असतो तर नोकरी, नाव, सगळं जागच्या जागी राहिलं असतं; ग्रंथ तेवढा मागच्या खोलीत गेला असता. मी म्हणालो, "साहेब, ह्यो ग्रंथ तुटका न्हाई. पुरा हाय. म्या उलटा शिवलाय." राधाकृष्णसाहेब म्हणाले, "गोरक्ष, तू चहा सांग जा." मी गेलो नाही. कप्प्यातून कातर आणि आरी काढली, ग्रंथ टेबलावर घेतला, आणि निळा पुठ्ठा कापून बाजूला केला. साहेब उभेच राहिले. "अरे, काय करतोस? संग्रहालयाची वस्तू आहे ती. कुणाला विचारून कापतोस?" माझा आवाज मलाच ओळखू येईना इतका शांत होता. "वस्तू संग्रहालयाची, साहेब. दोरा माझा हाय. माझा दोरा मी कापतोय." आणि मी पुठ्ठ्याच्या आतला कोपरा त्यांच्यापुढं धरला, जिथं 'गो.' लिहिलेलं होतं. पाहुण्यांनी ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि हात आडवा करून साहेबांना खाली बसवलं.

पंधरा वर्षांची शिवण मी एकेक टाका करून सोडवली. चांगलीच मजबूत होती, हे मला त्या अवघड वेळीही कौतुकानं जाणवलं. तेरा जुजं मोकळी झाली. मी ती एकेक उचलली, पुन्हा पालथी केली, शिवणीची बाजू उजवीकडे ठेवून रचली. हात नको म्हणत होते. प्रत्येक वेळी मधेच थबकत होते, वस्तादांची बुक्की बसेल म्हणून. मग चिंधी, वाटी, पट्टी. एक जोड मी सकाळीच उघडला होता. दुसरा उघडला, पाहुण्यांनी नुसती मान हलवली. तिसरा. चौथ्याला ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी आले. चौथं जुज ज्या वाक्यावर संपत होतं तेच वाचून त्यांनी काल सगळ्यांना हसवलं होतं. पट्टी सुटली. खालचा शब्द त्यांनी वाचला, पाचवं जुज उघडलं, आणि हळूहळू मराठी करत गेले: "माणिक सापडतं ते... डोंगरात. सरंदीपच्या, म्हणजे लंकेच्या डोंगरात, पूर ओसरल्यावर उरलेल्या वाळूत. खरं माणिक आगीत टाकलं तरी रंग सोडत नाही." मग त्यांनी झटकन दुसरं जुज ओढलं, त्याचा शेवट वाचला, तिसऱ्याची सुरुवात वाचली, आणि मोती शिंपल्याच्या पोटात, खाऱ्या पाण्याखाली जाऊन बसला. कुणी हसलं नाही. पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते घाम आला म्हणून पुसले असं म्हणायला मी तयार नाही.

बारा जोड होते. बाराही जुळले. यादीत पाहुण्यांनी पेन्सिलीचं खोडलं आणि शाईनं लिहिलं: संपूर्ण. मग लेखणी तशीच धरून म्हणाले, "गोरक्षराव, बांधणाऱ्याचं नाव लिहायला हवं. आणि काल मी ज्या बाइंडरबद्दल बोललो त्याची माफी मागायची राहिलीय." मी म्हणालो, "दोघं एकच हायत, सर. नाव एकदाच लिवा." राधाकृष्णसाहेब तेवढ्यात स्वतः जाऊन चहा सांगून आले होते. तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी मला दिलं, आणि मी ते उभ्या उभ्या सगळं पिऊन टाकलं.

नवी बांधणी करायला मला अकरा दिवस लागले. शिवण उजव्या हाताला घ्यायची म्हणजे सगळंच उलटं: आरी डाव्या हातात, दोऱ्याची गाठ आपल्या अंगाकडं. टाके वाकडे आले. पुठ्ठ्याची धार एका ठिकाणी चुकली. कानिफनाथ वस्ताद असते तर बुक्की घातली असती, आणि मग पुस्तक उघडून बघितलं असतं तर बहुधा चहा पाजला असता. या खेपेला पुठ्ठ्याच्या आत नाव लिहिलं नाही. बाराव्या दिवशी जैतूनबीला बोलावणं धाडलं. ती आता बरीच थकलीये, छावणीतल्या टांग्यानं आली, जिना चढताना दोनदा थांबली. काचेचं कपाट उघडून मी ग्रंथ तिच्यापुढं ठेवला आणि लांब जाऊन उभा राहिलो, तिला माझ्याकडं बघावं लागू नये म्हणून. तेरा वर्षांपूर्वी तिनं जे वाक्य माझ्यावर दया म्हणून टाकलं होतं त्याची मी वाट बघत होतो की काय, कुणास ठाऊक. तिनं उजवीकडून पुठ्ठा उघडला. पहिल्याच पानावर सोनेरी वेलबुट्टी होती. तिचा हात तिथं जरा थांबला, मग बोट खाली कोपऱ्यातल्या शब्दावर गेलं, पान उलटलं, बोट वर त्याच शब्दावर टेकलं. पुन्हा खाली. पुन्हा वर. ओठ हलू लागले. दहा पानं संपली, पहिला जोड आला, आणि ती तो ओलांडून पुढं गेली, तिथं जोड आहे हे तिला कळलंसुद्धा नाही. बांधणीबद्दल ती काहीच बोलली नाही. ती वाचत होती.